जुनी शिकारी रायफल विकत घ्यावी का?

भिलाईच्या टाउनशिपमध्ये असा प्रसंग कोणत्याही घरावर येऊ शकतो. शेजारच्या सेक्टरमधले एक वयोवृद्ध निवृत्त अधिकारी वारतात. दिवसकार्य आटोपते, पुण्या-बंगळुरूची मुले परत निघण्याच्या तयारीत असतात आणि जाण्याआधी कपाटे आवरायची म्हणून कॅनव्हासच्या गवसणीतली एक लांबलचक रायफल बाहेर निघते. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, हात फिरून फिरून त्याला आलेली काळसर झळाळी, नळीवर कलकत्त्याच्या जुन्या दुकानाचे नाव. काकू म्हणतात, "भाऊ, यांच्या हातची वस्तू आहे. परक्याला कशी देऊ? तुम्हीच ठेवून घ्या, काय द्यायचे ते द्या." भाऊंच्या तोंडून 'नाही' निघत नाही. ते घरी येऊन बायकोला सांगतात, तर तिचा प्रश्न तयार असतो, "अहो, पण करणार काय तिचे? आणि ठेवणार कुठे?"

बायकोच्या या दोन साध्या प्रश्नांपुढे रायफलीची जात, घराणे, नक्षीकाम हे सारे फिके पडते. पण पुरुषमंडळी बहुधा आधी नळी पाहतात, मग किंमत विचारतात आणि हे प्रश्न सर्वांत शेवटी ऐकतात. क्रम उलटा असायला हवा.

'करणार काय' याचे उत्तर आपल्या आजोबांच्या पिढीला सोपे होते. छत्तीसगडचा हा सारा मुलूख शिकाऱ्यांचा स्वर्ग समजला जाई. सरगुजाचे महाराज रामानुज शरण सिंह देव यांनी आपण मारलेल्या वाघांचा आकडा १,१५० असल्याचे वन्यजीवतज्ज्ञ जॉर्ज शेलर यांना १९६५ साली पत्राने कळवले होते. शेजारच्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी १९४७ साली तीन चित्ते टिपले, ते या देशातले शेवटचे नोंदलेले चित्ते ठरले आणि १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले. पुढे केंद्रीय मंत्री झालेले रायपूरचे विद्याचरण शुक्ल यांनी राजकारणात येण्यापूर्वी परदेशी पाहुण्यांसाठी शिकारीच्या सफरी आखणारी कंपनी काढली होती. म्हणजे शिकार हा संस्थानिकांचा षोक होता तसा एक रीतसर धंदाही होता. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्या काळात वनखात्याकडून परवाना काढून ठरवून दिलेल्या शिकार-ब्लॉकमध्ये जाणे हा सुशिक्षित माणसाच्या सुट्टीचा बेत असू शकत होता. आज म्हाताऱ्या माणसांच्या ट्रंकेत सापडणाऱ्या रायफली बहुतेक त्याच काळातल्या किंवा त्याआधीच्या.

ते दार १९७२ साली बंद होऊ लागले. वन्यजीव संरक्षण कायदा त्या वर्षी आला, आणि काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाना देण्याची जी फट त्यात राहिली होती ती १९९१ सालच्या दुरुस्तीने बुजवली. आता माणसाच्या जिवावर उठलेल्या किंवा पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत वनखाते लेखी परवानगी देते, तीही ठरावीक प्रसंगी, ठरावीक जनावरापुरती आणि ठरावीक माणसाला. हौशी शिकाऱ्याला या देशात जागा नाही. भिलाईच्या मुलांना वाघ पाहायचा तर मैत्री बागेतल्या पांढऱ्या वाघासमोर उभे राहावे लागते. तेव्हा शिकारी रायफल विकत घेणारा माणूस नेमके काय विकत घेतो? ज्या कामासाठी ती घडवली ते काम तर कायद्याने संपले. उरते ती कारागिरी आणि आठवण. त्यासाठी पैसे मोजायला हरकत नाही, पण आपण कशाचे पैसे मोजतो आहोत हे मनाशी स्पष्ट असावे.

'घराच्या रक्षणासाठी होईल की' असे एक उत्तर लगेच पुढे येते. ते पटण्यासारखे नाही. जंगलात शंभर-दीडशे पावलांवरच्या सांबरासाठी बनवलेल्या रायफलीची गोळी क्वार्टरची भिंत भेदून शेजाऱ्याच्या खोलीत जाऊ शकते. अंधारात, घाबरलेल्या हाताने, दाटीच्या वस्तीत वापरण्याचे ते हत्यार नव्हे.

मग जुन्या रायफलींना एवढी किंमत का येते? याचे कारण बरेचसे सरकारी धोरणात आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदुका आयात करण्यावर कडक निर्बंध आले. नवा माल येणे थांबले, तेव्हा इंग्रज अमदानीत आलेला जुना माल हातोहात फिरत राहिला. इंग्लंडमध्ये जिला मध्यम प्रतीची म्हणतील अशी रायफलही इथे दुर्मीळ म्हणून भाव खाते. हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स, रिग्बी ही नावे ऐकली की विकणाऱ्याचा आवाज बदलतो. जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जी रायफल भेट मिळाली ती रिग्बीचीच होती, .२७५ बोअरची. पण प्रत्येक रिग्बी काही कॉर्बेटची नसते, आणि 'ही अमुक महाराजांची' या वाक्याला कागदाचा आधार नसेल तर त्या वाक्याचे वेगळे पैसे देऊ नयेत.

नळीआधी काडतूस

जाणकार माणूस रायफल हातात घेण्यापूर्वी तिचा बोअर विचारतो. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या छिद्राचे माप, आणि त्यावरच काडतूस ठरते. आपल्याकडे या मापांमागे एक गमतीदार इतिहास आहे. सैन्याची काडतुसे बंडखोरांच्या हाती लागून त्यांच्या बंदुकीत चालू नयेत म्हणून इंग्रज सरकारने लष्करी मापाच्या खासगी रायफलींवर बंदी घातली होती. १९०७ सालच्या सुमारास .४५० बोअरच्या रायफलींची हिंदुस्थानात आयात बंद झाली, तेव्हा इंग्लंडमधल्या बंदूकवाल्यांनी .४६५ आणि .४७० अशी नवी मापे काढून आपले गिऱ्हाईक राखले. सैन्याची .३०३ खासगी माणसाला चालत नव्हती, म्हणून .३१५ रूढ झाली. ही भीती अगदीच पोकळ नव्हती. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रोडा कंपनीच्या मालातून बंगाली क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळवली होती. तीच रोडा कंपनी, जिचे नाव कित्येक शिकारी बंदुकांच्या नळीवर आजही कोरलेले दिसते.

याचा आजच्या खरेदीशी संबंध असा. .३१५ची रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनत आली आहे आणि तिची काडतुसे देशात तयार होतात. .३०-०६ची सोयही होते. पण .४७०, .४०४ किंवा .२७५ यांच्यासारख्या विलायती बोअरची काडतुसे जुन्या साठ्यांतून शोधावी लागतात, एकेका काडतुसाला डोळे पांढरे होतील असा भाव सांगितला जातो, आणि पन्नास-साठ वर्षे कुठल्या तरी दमट गोदामात पडलेले काडतूस उडेल की फुसके निघेल याची हमी कोणी देत नाही. उडायला उशीर करणारे काडतूस तर फुसक्याहूनही वाईट, कारण माणूस बोल्ट उघडायला जातो आणि तेवढ्यात ते पेटते. आणि रायफल .३०३ किंवा दुसऱ्या एखाद्या लष्करी बोअरची निघाली तर तिथेच हात जोडावेत. तो बोअर निषिद्ध यादीतला असतो, त्याची शिक्षा जबर आहे, आणि 'मला ठाऊक नव्हते' हे उत्तर कोर्टात चालत नाही.

कागद कोणाच्या नावावर?

आता पुन्हा काकूंच्या घरी. इथे बहुतेकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. परवाना हा माणसाला दिलेला असतो, घराला नाही. काका गेले त्या दिवशी त्यांच्या परवान्याचा आधार संपला. शस्त्र कायदा १९५९ सालचा, १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आलेला. त्याच्या २१व्या कलमानुसार अशी रायफल विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक बंदूक विक्रेत्याकडे जमा करायला हवी. काकूंनी ती तेराव्यापर्यंत, मग वर्षश्राद्धापर्यंत, मग मुलगा पुन्हा येईपर्यंत कपाटात ठेवली, तर बिचाऱ्या नकळत गुन्ह्यात येतात. आणि भाऊंनी पैसे मोजून गवसणीसकट ती उचलून घरी आणली, तर गुन्हा त्यांच्याही दारात येतो. प्रेमाने दिली, प्रेमाने घेतली, याला कायद्यात खाना नाही.

रीत अशी आहे. रायफल आधी जमा करायची आणि पावती घ्यायची. वारसाला ती ठेवायची असेल तर त्याने आपल्या नावे परवाना मागायचा. २०१६च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी तशी सोय आहे, मात्र बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचे लेखी द्यावे लागते. (तीन भावंडांपैकी एकाला ती रायफल 'बाबांची शेवटची खूण' वाटत असेल, तर भाऊंनी त्या भांडणात न पडलेलेच बरे.) याच नियमांत परवानाधारकाने सत्तरी गाठली असेल किंवा ते शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे असेल, तर हयातीतच वारसाच्या नावे करण्याची तरतूद आहे. काकांनी ती वेळेवर वापरली असती, तर हा प्रसंगच आला नसता.

बाहेरच्या माणसाला विकायची असेल तर विकत घेणाऱ्याकडे आधीच परवाना हवा आणि त्यावर त्या प्रकारच्या शस्त्राची परवानगी हवी. एखाद्या हयात परवानाधारकाकडून घेत असाल, तर त्याने घेणाऱ्याचे नाव-पत्ता लिहून जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला आधी कळवायचे आणि निदान ४५ दिवस थांबायचे. ही मुदत कटकट म्हणून पाहू नये. घाईत घेतलेला निर्णय फिरवायला तेवढे दिवस उपयोगी पडतात.

नवा परवाना काढणे म्हणजे कलेक्टर कचेरीत जाऊन अर्ज टाकण्याएवढे सोपे नाही. पोलीस चौकशी, शारीरिक व मानसिक आरोग्याचा दाखला, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण, शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमी आणि मुख्य म्हणजे 'कशासाठी हवे' याचे पटेल असे कारण. 'जुनी आहे, सुंदर आहे' हे कारण अर्जात लिहून पाहावे, म्हणजे ते किती तोकडे आहे ते कळते. शिवाय २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, त्यात वारसाने आलेलीही धरतात. ज्याच्याकडे आधीच दोन आहेत त्याला ही तिसरी घेताच येणार नाही. परवान्याची मुदत मात्र त्याच दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षे झाली.

कागद तपासताना आणखी एक पाहावे. दुर्ग जिल्ह्याचा जुना कागद कधी नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काळातला असतो, कधी मध्य प्रदेशचा आणि १ नोव्हेंबर २००० नंतर छत्तीसगडचा. राज्ये बदलली, कचेऱ्या बदलल्या, नोंदी हाताने उतरवल्या गेल्या. रायफलीवर कोरलेला क्रमांक आणि परवान्यावरचा क्रमांक एकेक आकडा लावून ताडून पाहावा. एका आकड्याचा फरक असेल तरी आधी कचेरीतून दुरुस्ती, मग व्यवहार. परवान्याला राष्ट्रीय नोंदवहीतला युनिक क्रमांक आहे ना, हेही पाहावे.

आणि रायफलीबरोबर काकूंनी भिंतीवरचे वाघाचे मुंडके किंवा चितळाची शिंगे देऊ केली, तर काही केल्या हात लावू नये. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या प्रसिद्ध कारखान्यात पेंढा भरलेले असले, लेबल शाबूत असले, तरी तो कायद्याच्या भाषेत वन्यप्राण्याचा अवशेष आहे. तो वारसाने येऊ शकतो, विकत घेता येत नाही.

कागद चोख निघाले, तरच रायफल डोळ्यांनी पाहण्यात अर्थ. ती स्वतः पाहून ठरवू नये, परवानाधारक बंदूक कारागिराकडून तपासून घ्यावी. तो काय पाहील, ते माहीत असलेले बरे. आधी ती रिकामी आहे याची खात्री, मग नळीतून उजेडाकडे पाहणे. आतल्या पिळाच्या रेघा स्वच्छ, धारदार दिसायला हव्यात. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याने नळीत क्षार बसत, ते हवेतला ओलावा ओढून घेत आणि एका पावसाळ्यात नळीला आतून देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडत. आपल्याकडचा पाऊस पाहता, झडतीत सर्वांत जास्त रायफली इथेच नापास होतात. मग बोल्ट. तो काडतुसाला मागून घट्ट धरतो की झिजून सैल झाला आहे, हे मापाच्या साधनानेच कळते. सैल बोल्टातून फुटलेल्या काडतुसाची वाफ थेट डोळ्यांवर येते. दस्त्याला मनगटाजवळ चीर असते, ती पॉलिशखाली लपवलेली असते. विलायती नळीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे असतात. ती काळ्या दारूसाठी तपासली होती की नव्या धूरविरहित दारूसाठी, ते त्यावरून उमगते. काळ्या दारूच्या नळीत नव्या दारूचे काडतूस घालणे म्हणजे नळी फाटण्याला आमंत्रण. आणि क्रमांक घासून पुन्हा कोरल्याची शंका आली, तर कारागिराच्या शुल्कापुरतेच पैसे खर्च झाले म्हणून समाधान मानून परत यावे.

ठेवणार कुठे?

हा बायकोचा दुसरा प्रश्न, आणि खरे तर यावरच निर्णय व्हायला हवा. भिंतीवर खुंटीला टांगलेली रायफल सिनेमात शोभते. घरात तिला भिंतीत पक्के बसवलेले लोखंडी कुलूपबंद कपाट हवे, बोल्ट वेगळ्या जागी, काडतुसे तिसऱ्या जागी, आणि किल्ली कुठे आहे हे मुलांना ठाऊक नसलेले बरे. सुट्टीत सगळे घर बंद करून गावी जायचे, तेव्हा काय? निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येऊ शकतो, तेव्हा कोण नेणार, कोण आणणार? घरातला माणूस साठीचा आहे, तर पंधरा वर्षांनी तिचे काय?

याहून कठीण एक गोष्ट आहे, जी खरेदीच्या वेळी कोणी बोलत नाही. घरातली बंदूक चोरावर क्वचित उठते. ती घरातल्याच माणसावर उठण्याची भीती जास्त. अमेरिकेत डॉ. आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका २.७ पट आढळला होता. त्या आकड्यावर तिकडे पुष्कळ वाद झाले, आणि तो देश वेगळा. पण परीक्षेत नापास झालेला सतरा वर्षांचा मुलगा, नोकरी गेलेला जावई, रात्र रात्र न झोपणारे आजोबा, ही माणसे आपल्याही घरांत असतात. दुःखाचा तो एक तास टळला तर माणूस सावरतो. हाताशी रायफल असली तर तो तास टळत नाही. ज्या घरात असे कोणी आहे, त्या घराने रायफलीचा विचारही करू नये. याबाबतीत मधला मार्ग नाही.

लग्नाच्या वरातीत 'एक बार' काढण्याचा आग्रह करणारे मेहुणे आणि मित्र हा वेगळा विषय. २०१९च्या दुरुस्तीने अशा हर्षगोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

मग घ्यावी कोणी? ज्याच्याकडे परवाना आहे आणि त्यावर जागा आहे, काडतूस देशात मिळणारे आहे, नळी चोख आहे आणि घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी मनापासून होकार दिला आहे, त्याने खुशाल घ्यावी. अशी घरे थोडी. ज्याला नेमबाजीच करायची आहे त्याच्यासाठी शंभर वर्षांची शिकारी रायफल हा लांबचा आणि महागडा रस्ता आहे. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, आणि त्या परंपरेत अंजली भागवत, तेजस्विनी सावंत ही मराठी नावे पुढे आली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातला. त्याचे हत्यार हलक्या .२२ बोअरचे. ४.५ मिलिमीटरची, २० जूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल तर शस्त्र परवान्याशिवाय घेता येते, आणि क्लबात ती मुलामुलींसह सगळ्यांना शिकता येते. भाऊंना हौसच असेल, तर तिथून सुरुवात करावी. खर्च पुष्कळ कमी, आणि बायकोही सोबत येईल.

भाऊंनी घेतली नाही, तरी काकूंची अडचण राहतेच. शेजारधर्म म्हणून त्यांनी एवढे जरूर करावे. स्वतः रायफल उचलून न नेता आधी ठाण्यात जाऊन कल्पना द्यावी, काकांचा मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला बरोबर घ्यावा आणि ठाणेदार सांगतील तशी, वारसाच्या उपस्थितीत, रायफल काडतुसांसकट जमा करवावी. पावतीवर रायफलीचा बोअर, क्रमांक, काडतुसांची संख्या आणि तारीख लिहून घ्यावी. जमा केलेले शस्त्र ठरलेल्या मुदतीत विकण्याचा किंवा वारसाच्या नावे करण्याचा हक्क मालकाकडे राहतो, मुदत उलटली की ते सरकारजमा होऊ शकते. म्हणून ती मुदत कचेरीतून लेखी विचारून घ्यावी, पुण्याच्या मुलाला फोनवर सांगावी, आणि पावती घराच्या कागदांबरोबर त्याच फाइलीत लावून ठेवावी.